ठगूफुईची तक्रार

आठ महिने ठगूफुईचं ताट वेगळं होतं. जर्मनचं जुनं ताट, ओसरीच्या कोनाड्यात ठेवलेलं, वर पालथा पेला. जेवली की ती स्वतःच ते घासायची आणि जागेवर नेऊन ठेवायची. खोकला जात नव्हता, छातीच्या फोटोत डाग दिसला होता, म्हणून तिकडच्या डॉक्टरांनी टीबीचा कोर्स लावला होता. थुंकीत काही सापडलं नव्हतं, पण साक्रीच्या पश्चिमेला डोंगराकडेच्या गावात खोकला आणि डाग म्हटलं की टीबीच. गोळ्यांनी लघवी लाल व्हायची आणि खोकला होता तसाच राहायचा. मुलगा गुलाब आणि सून दोघंही वाईट नव्हते, पण घरात दोन वर्षांची नात होती. सून नातीला ओसरीवर येऊ देत नसे. फुई लांबूनच तिला टाळ्या वाजवून दाखवायची. मी एकदा चिडून बोललो, तर मलाच म्हणाली, "राहू दे भाऊ. लेकरेस्नं घर शे."

आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. ठगू हे तिचं खरंच नाव. तिच्याआधीची दोन भावंडं जगली नाहीत, म्हणून मृत्यूला ठकवायला मुद्दाम असं नाव ठेवलेलं. मी तिच्या भावाचा मुलगा. आमच्या सगळ्या भाऊबंदकीत कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. बी. एस्सी. झालो, धुळ्याला एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे, आणि या दोन्ही गोष्टी मी कुणी न विचारताही सांगतो. कॉलेजात असताना फुई आठवड्यातून दोनदा एस. टी.च्या कंडक्टरजवळ माझा डबा पाठवायची. डब्यात काय असेल ते मी निमूट खायचो, कारण खाण्याच्या बाबतीत तिचा एक कायदा होता.

तो कायदा पंचक्रोशीला माहीत होता. फुई मांडे करणारी होती. आमच्याकडचे मांडे म्हणजे पुरण भरून हातावर सुपाएवढी फिरवलेली पोळी. ती पालथ्या खापरावर टाकतात, खाली लाकडाचा जाळ असतो. लग्न असो, बारसं असो, दहा गावांतून फुईला बोलावणं यायचं. पंधराव्या वर्षापासून साठीपर्यंत तिने त्या धुरात तोंड घालून मांडे केले. आणि पंगतीत कुणी "मीठ कमी वाटतं" असं नुसतं पुटपुटलं तरी चुलीवरून उठून यायची. "जेवाले बलावं ना तुले? मंग जेव, उठ, आनी चांगलं व्हतं म्हन!" पाहुण्याने वाढलेल्या ताटाला नाव ठेवायचं नाही. दुसऱ्याच्या घरी तिने स्वतः करपलेली भाकरीसुद्धा हसत खाल्लेली मी पाहिली आहे.

शेवटी मी तिला धुळ्याला आणलं. मोठ्या मशीनवर छातीचा फोटो काढला, सुईने गाठीचा तुकडा काढून तपासला. फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. जन्मात विडी न ओढलेल्या बाईला! मला वाटलं, आता घरात रडारड होईल. फुईने एवढंच विचारलं, "हाई लागस का दुसरास्ले?" म्हणजे हा आजार दुसऱ्यांना लागतो का. डॉक्टर म्हणाले, नाही, अजिबात नाही. तिने लगेच गुलाबला फोन लावायला सांगितला आणि म्हणाली, "आरे, टीबी नही शे! नातले आन, माले भेटाले आन!" कॅन्सर झाल्याची बातमी इतक्या आनंदाने सांगणारं माणूस त्या दवाखान्याने पाहिलं नसेल.

पहिल्या औषधाने काही महिने बरे गेले, मग गाठ पुन्हा वाढली. धुळ्याच्या डॉक्टरांनी सुचवलं की जळगावच्या एका हॉस्पिटलात एक अभ्यास चालू आहे, तिथे जाऊन या. अभ्यास म्हणजे नव्या उपचाराची माणसांवर रीतसर पारख. त्यात दोन औषधं एकत्र द्यायची होती. एक रोजची गोळी, गाठीच्या पेशीत जो ठरावीक बिघाड असतो नेमका त्यावरच चालणारी. फुईच्या गाठीच्या तुकड्यात तो बिघाड सापडला होता. दुसरं दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून, आपल्या अंगातली जी रोगाशी लढणारी शक्ती कॅन्सरकडे काणाडोळा करते तिला जागं करणारं. दोन्ही औषधं वेगवेगळी वापरलेली होती. एकत्र दिली तर फायदा किती आणि त्रास किती, हे बघायचं होतं.

तिथे अभ्यासाचं सगळं काम वैशाली मॅडम बघायच्या. मूळ भडगावच्या, कडक, पण बोलायला लागल्या की घरच्या. संमतीचा कागद वीसेक पानांचा होता. तो मी वाचून दाखवला, अगदी स्पष्ट उच्चारात, थांबत थांबत. मॅडमनी कॅमेरा लावला होता, कारण संमती कशी घेतली त्याचं चित्रण ठेवावं लागतं. कॅमेरा म्हटल्यावर फुईने डोक्यावरचा पदर दोनदा सारखा केला. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "इतलं मोठं पुस्तक लिखं, आनी मी वाचसू का मरसू, हाई लिखेलच नही."

"ते आम्हालाच माहीत नाही, फुई," मॅडम म्हणाल्या. "म्हणून तर अभ्यास."

"आनी मी मधमाच नही म्हनू ते?"

"तर तेव्हाच थांबायचं. कुणी रागावणार नाही. नेहमीचे उपचार चालू राहतील."

फुईला ते उत्तर आवडलं असावं. बचत गटात शिकलेली सही तिने प्रत्येक पानावर सावकाश केली. औषधं, तपासण्या, सगळं अभ्यासातूनच मिळणार होतं. परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. एरंडोल गेल्यावर म्हणाली, "कोन कुठला लोके, मनाकरता इतलं करी ऱ्हायनात." मी मान हलवली. त्या वाक्यात किती मोठा धोका होता, ते तेव्हा कळलं नाही.

फुई आमच्याकडे धुळ्यालाच राहू लागली. मॅडमनी एक डायरी दिली होती. रोज गोळी किती वाजता घेतली ते लिहायचं, आणि पुढच्या रकान्यात त्रास. ताप, अंगावर पुरळ, जुलाब, धाप, काहीही असेल तर लिहायचं आणि जास्त असेल तर त्याच दिवशी फोन करायचा. हे मॅडमनी तीनदा बजावलं होतं. हे सलाइन अंगातली शक्ती जागी करतं, पण जागी झालेली शक्ती कधी कधी आपल्याच आतड्यांवर किंवा फुप्फुसांवर उलटते. वेळेत कळलं तर आवरता येतं.

डायरी अर्थातच माझ्याकडे. कार्यालयात माझ्या अक्षराचं कौतुक आहे. रोज संध्याकाळी मी पेन घेऊन बसायचो.

"फुई, आज काही त्रास?"

"काहीच नही. लिखी टाक."

आणि मी लिहायचो, "निरंक." कार्यालयात माहिती नसली की आम्ही रकान्यात हाच शब्द लिहितो. पुढे पुढे तर मी रविवारी बसून आठवड्याचे सातही रकाने एकदमच भरू लागलो. निरंक, निरंक, निरंक. पान कसं छान दिसायचं.

अभ्यासातल्या पहिल्या फोटोत गाठ निम्म्याहून लहान झाली. खोकला थांबला. फुई जिना चढून गच्चीवर जाऊन पापड वाळत घालू लागली. मी कार्यालयात पेढे वाटले. त्यानंतरच्या महिन्यात माझी बायको मनीषा एकदा म्हणाली, "फुईच्या बांगड्या कोपरापर्यंत वर जातात हो. आणि सहाणेवर सारखं जायफळ उगाळलेलं असतं." मी म्हणालो, वय झालं. मनीषाने फुईला विचारलं, तर फुईने तिलाच दटावलं, "तू तुना सैपाक दख."

पुढच्या सलाइनच्या दिवशी आम्ही सकाळच्या बसने जळगावला निघालो. पारोळ्याला बस थांबली तशी फुई उतरली. दहा मिनिटं झाली, कंडक्टर घंटी मारू लागला. "ओ साहेब, तुमची म्हातारी कुठंय?" मी धावत गेलो. बायकांच्या मुतारीबाहेर, नळाच्या कट्ट्याला टेकून ती बसली होती. ओठ कोरडे, डोळे आत गेलेले. मी उचलायला गेलो तर वजनच लागेना. बस सोडून दिली आणि एक गाडी ठरवली. गाडीत तिने माझा हात धरला.

"डॉक्टरले सांगू नको, भाऊ."

"काय सांगू नको?"

"पंधरा दिन व्हयनात. दिनमा आठ-दहा येळा जावं लागस." जुलाब. पंधरा दिवस. मी रकान्यात निरंक लिहीत होतो आणि ती जायफळ उगाळून पीत होती.

"फुई, अगं का नाही सांगितलं?"

"फुकटनं औसद दी ऱ्हायनात, आनी मी म्हनू, तुम्हना औसदनी मनं पोट बिघाडं? आनी त्या माले काढी टाकतीन ते? गाठ परत वाढी." बोलतानाच ती पुन्हा गळाठली.

हॉस्पिटलात तिला लगेच भरती केलं. सलाइन लावलं, रक्त घेतलं. मी बाहेर डायरी हातात घेऊन उभा होतो. खरं सांगतो, एक क्षण मनात आलं की डायरी घरी राहिली म्हणून सांगावं. पदवीधर माणसाच्या हाताने केलेला तो कारभार होता. वैशाली मॅडमनी हात पुढे केला, मी डायरी दिली. त्यांनी पानं उलटली.

"साहेब, गेले सहा आठवडे निरंक? अहो, धडधाकट माणसाचंही सहा आठवड्यांत एकदा तरी पोट दुखतं."

मी म्हणालो, "चूक माझी. मी विचारत होतो, पण उत्तर आधीच ठरवून विचारत होतो."

त्या माझ्यावर रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या आत गेल्या, फुईच्या खाटेवर बसल्या. फुईने डोळे मिटून घेतले.

"फुई, दर दिवसाला किती वेळा?"

फुईने कूस बदलली.

"बरं, दुसरं विचारते. लग्नात मांडे करता तुम्ही. पंगत बसायच्या आधी कुणी चव बघतं की नाही?"

"बघस ना," डोळे न उघडता फुई म्हणाली. "पहिला मांडा मी त्या घरनी सगळात खट म्हातारीले देस. आनी तिले म्हनस, खरं सांग."

"आणि ती तुमचं मन राखायला म्हणाली, छान झालंय, तर?"

फुईने डोळे उघडले. "तं बठ्ठी पंगत वाया जाई."

"मग? तुम्ही इथे पंगतीला नाही बसलात, फुई. तुम्ही ती म्हातारी आहात. पंगत अजून बसायची आहे. तुम्ही छान म्हणालात, तर आम्ही हेच ताट पुढच्या शंभर माणसांना वाढू."

फुई उशीला टेकून बसली. मग सगळं सांगितलं. कधी सुरू झालं, दिवसातून किती वेळा, रक्त पडलं होतं का, रात्री उठावं लागतं का, काय काय काढे घेतले. मॅडम लिहीत होत्या. मध्येच फुई माझ्याकडे बघून म्हणाली, "तू भाहेर जाय." भाच्यासमोर पोटाच्या गोष्टी बोलायची लाज तिला अजून होतीच. मी बाहेर गेलो.

डॉक्टरांनी सांगितलं की सलाइनच्या औषधाने आतड्यांना सूज आली आहे. दोन्ही औषधं तिथेच थांबवली आणि सूज उतरवायला स्टेरॉइड सुरू केलं. पहिले तीन दिवस वाईट गेले. गुलाब आणि सून नातीला घेऊन आले, मनीषाही आली. सून पलंगापाशी बसून पाय दाबत होती. मला गुलाबच्या नजरेला नजर देववत नव्हती. चौथ्या दिवशी जुलाब कमी झाले, आठव्या दिवशी थांबले.

नवव्या दिवशीची गोष्ट. हॉस्पिटलचं जेवण आलं, मऊ भात आणि वरण. फुईने एक घास घेतला, थांबली, आणि वाढणाऱ्या बाईला म्हणाली, "डाळमा मीठ नही."

मी आणि मनीषा एकमेकांकडे बघतच राहिलो. साठ वर्षांतली ही पहिली तक्रार. वैशाली मॅडम दारात होत्या, त्यांनी तिथूनच टाळी वाजवली. "लिहा साहेब, डायरीत लिहा! मीठ कमी!"

"हसा, हसा," फुई म्हणाली, "पन मीठ आना आधी."

आतडी वाचली, पण दोन्ही औषधं कायमची बंद झाली होती. ती पुन्हा देणं धोक्याचं होतं. फुई ज्याला भीत होती तेच शेवटी घडलं. मी डॉक्टरांना विचारलं, आता गाठ वाढणार का? ते म्हणाले, "काही जणांत अंगातली शक्ती एकदा जागी झाली की औषध थांबल्यावरही काम करत राहते. सगळ्यांत नाही. यांच्यात काय होतं ते फोटोच सांगेल. आणि औषध थांबलं तरी आमचं लक्ष थांबत नाही, अभ्यासातून बघणं चालूच राहील."

दोन महिन्यांनी फोटो काढायचा होता. ते दोन महिने फुई आमच्याकडे निवांत झोपली, मी झोपलो नाही. रिपोर्टच्या दिवशी डॉक्टरांनी पडद्यावर दोन फोटो शेजारी शेजारी लावले. औषध थांबलं तेव्हा गाठ होती त्याहून आता लहान होती. औषधाशिवाय लहान झाली होती. मी दोनदा विचारून खात्री केली. फुई म्हणाली, "भाऊ, त्यास्ले परत परत काय इचारस? बठ्ठं दिसी तं ऱ्हायनं!" बाहेर आल्यावर मी बाकावर बसून मनीषाला फोन लावला.

त्यानंतर तपासणीला जाणं म्हणजे फुईचा वेगळाच उद्योग झाला. माझा नंबर येईपर्यंत, असं मी म्हणतो, नंबर तिचा असायचा, ती बाहेरच्या हॉलमध्ये अभ्यासातल्या इतर माणसांची उलटतपासणी घ्यायची. जळगावच्या सराफ बाजारातले एक मारवाडी शेठ होते. उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा सदरा. फुई त्यांना थोडा वेळ निरखत बसली.

"शेठ, पाठ काबर घासी ऱ्हायनात खुर्चीले?"

"काही नाही बाई, थोडं खाजतं. चालायचं."

"बाही वर करा."

"अहो, लोकं आहेत..."

"लोके काय तुम्हले वाचाडतीन का? करा वर."

शेठनी घाबरून बाही वर केली. कोपरापासून दंडापर्यंत लालभडक पुरळ. फुई उभी राहून ओरडली, "वैशालीबाई, ह्या शेठले दखा पहिले! ह्या खोटं लिखी ऱ्हायनात!" शेठची सून तोंडाला पदर लावून हसत होती. शेठना मलम मिळालं, गोळी काही दिवस थांबवून मग कमी मात्रेत सुरू झाली. पुढच्या वेळी ते अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात आले आणि फुईला लांबूनच दोन्ही हात उलटसुलट करून दाखवले.

मॅडमनीही त्यांच्या पद्धतीत बदल केला. अभ्यासातल्या प्रत्येक माणसाला आता दर तिसऱ्या दिवशी फोन जातो, तोही घरातल्या शिकलेल्या माणसाला नाही, खुद्द आजारी माणसाला. "काही त्रास?" असं विचारत नाहीत. "आज किती वेळा संडासला गेलात?" असं विचारतात. आणि बाईमाणसाला विचारायला बाईच असते. हे बदल करताना मॅडमनी मला बोलावून घेतलं होतं, मी कुठे चुकलो ते नीट समजून घ्यायला. मी ते सगळं स्वच्छ अक्षरात लिहून दिलं. माझ्या नोकरीत मी पुष्कळ टिपणं लिहिली आहेत, पण कामाला आलेलं टिपण तेच.

गेल्या दिवाळीनंतर डॉक्टर म्हणाले, आता सहा महिन्यांनी एकदा आलात तरी चालेल. फुईने त्याच संध्याकाळी पिशवी भरली. मनीषा म्हणाली, आणखी आठ दिवस राहा. फुई म्हणाली, "नात साळामा जास आते. तिले सोडाले मी जासू."

धुळ्याच्या स्टँडवर साक्रीची बस लागली होती. फुई खिडकीशी बसली. मी खालून सवयीने विचारलं, "फुई, काही त्रास?"

"शे ना," ती म्हणाली. "डावा गुडघा दुखस. चष्मा ढिला व्हयना. तुन्ही बायको चहामा साखर कमी टाकस." मनीषा माझ्यामागे उभी होती, ती खळखळून हसली. फुईने छातीवर हात ठेवला, एक लांब श्वास घेतला, सोडला, आणि म्हणाली, "हठे काहीच नही."

औषध थांबून अडीच वर्षं झाली. गाठ वाढलेली नाही. ठगूफुई तिच्या घरी आहे आणि रोज सकाळी नातीला शाळेत सोडून येते.